स्वतः बांधलेली लिनक्स बूट होत नाही तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला गंगापूर रोडवर माझ्या घरी रविवारी सकाळी चार-सहा जण आपापले लॅपटॉप घेऊन बसतात. कोणी सातपूरला कारखान्यात मेंटेनन्सला आहे, कोणी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, एक जण शाळेत शिक्षक. सगळ्यांनी तयार डिस्ट्रो (आधीच जुळवून दिलेली लिनक्स) न घेता कंपायलरपासून एकेक पॅकेज सोर्समधून बांधत लिनक्स उभी केली आहे. त्यात महिना-दीड महिना जातो, आणि पहिल्याच बूटला पडद्यावर पॅनिक (कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, हात टेकून थांबल्याचा संदेश) दिसलं की माणूस खचतो. प्रश्न मात्र तेच तेच येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली.

कमांड, फाइलींची नावं आणि पडद्यावरचे संदेश इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना अर्थातच मूळ स्पेलिंग वापरा.

पहिलाच बूट फसला. सगळं पुन्हा पहिल्यापासून बांधू का?

नका बांधू. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि माझं उत्तर आजवर बदललेलं नाही. तुमची ग्लिबसी (मूळ लायब्ररी), तुमचा जीसीसी (कंपायलर), तुमचा बॅश (कमांड घेणारा शेल) बहुतेक वेळा शाबूत असतो. चूक असते ती एखाद्या ओळीत किंवा कर्नलच्या एखाद्या पर्यायात.

मशीन सुरू होताना काम चार हातांतून जातं. मदरबोर्डवरचं फर्मवेअर ग्रबला (बूट लोडरला) शोधतं, ग्रब कर्नल मेमरीत आणून ठेवतो, कर्नल रूट पार्टिशन (डिस्कचा ज्या भागावर सिस्टिम आहे तो) माउंट करतो, म्हणजे वापरायला जोडतो, आणि मग त्या पार्टिशनवरचा इनिट, म्हणजे पहिला प्रोग्रॅम, उठून बाकीच्या सेवा चालू करतो. काम कोणत्या हातात अडकलं हे पडद्यावरची शेवटची ओळ सांगते. ग्रबचा मेन्यू दिसला म्हणजे फर्मवेअर सुटलं, त्याच्याकडे पुन्हा बघू नका. कर्नलच्या ओळी धावल्या म्हणजे ग्रबही सुटला. आधी ही जागा ठरवा आणि मगच काही बदला, तेही एका वेळी एकच. तीन गोष्टी एकदम बदलून बूट झालं, तर कशामुळे झालं ते कळत नाही आणि पुढच्या कर्नलला तीच अडचण पुन्हा येते.

शेवटची ओळ वाचायची कशी? मजकूर भराभर वर जातो.

मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि नंतर थांबवत थांबवत बघा. शिफ्ट आणि पेजअप दाबून मजकूर मागे नेण्याची जुनी सोय २०२० साली आलेल्या ५.९ पासून कर्नलमध्ये राहिलेली नाही, त्यामुळे ती की दाबत बसू नका.

त्याआधी ग्रबच्या मेन्यूत आपल्या नोंदीवर जाऊन ई दाबा. 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीतून 'क्वाएट' काढा, ओळीच्या शेवटी 'लॉगलेव्हल=७' घाला आणि कंट्रोल-एक्स दाबा. हा बदल तेवढ्या एका बूटपुरता असतो, फाइलीला धक्का लागत नाही. खाली मी जे जे 'कर्नलच्या ओळीत घाला' म्हणेन ते सगळं आधी असंच करून बघा.

व्हर्च्युअल मशीनमध्ये बांधत असाल तर तुमचं काम सोपं आहे. सीरियल पोर्ट एखाद्या फाइलीला जोडा आणि कर्नलच्या ओळीत 'कन्सोल=टीटीवायएस०' घाला. कर्नलमध्ये सीरियल कन्सोलचा पर्याय चालू असला की सगळा मजकूर त्या फाइलीत उतरतो. निवांत वाचता येतो.

मशीन सुरू केली की सरळ विंडोज उघडतं किंवा 'बूट डिव्हाइस सापडलं नाही' असं येतं. ग्रब दिसतच नाही.

अडकलंय फर्मवेअरपाशी. यूईएफआय (नव्या पद्धतीचं फर्मवेअर असलेल्या) मशीनला फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेलं ईएफआय सिस्टिम पार्टिशन लागतं, आणि ग्रबची फाइल त्यातच असावी लागते.

लाइव्ह पेन ड्राइव्हने (ज्यावरून थेट लिनक्स चालते त्याने) मशीन सुरू करा आणि आधी '/सिस/फर्मवेअर/ईएफआय' ही डिरेक्टरी आहे का ते पाहा. ती नसेल तर पेन ड्राइव्ह जुन्या बायोस पद्धतीने सुरू झाला आहे. मग चरूटमध्ये (पेन ड्राइव्हवरून आपण बांधलेल्या सिस्टिमच्या आत शिरून) कितीही वेळा 'ग्रब-इन्स्टॉल' चालवा, फर्मवेअरमध्ये नोंद होणार नाही. मशीन बंद करून बूट मेन्यूत पेन ड्राइव्हच्या नावामागे यूईएफआय लिहिलेला पर्याय निवडा.

एवढं करूनही काही लॅपटॉप नवी नोंद विसरतात. अशांसाठी 'ग्रब-इन्स्टॉल'ला 'रिमूव्हेबल' हा पर्याय द्या. मग ग्रब 'ईएफआय/बूट/बूटएक्स६४.ईएफआय' या ठरलेल्या जागी बसतो, आणि नोंद नसली तरी फर्मवेअर तिथे डोकावतंच.

सिक्युअर बूट चालू असेल तर आपला विनासहीचा ग्रब फर्मवेअर नाकारतं, त्यामुळे ते बंद करावं लागतं. पण त्याच लॅपटॉपवर विंडोज असेल तर आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. सिक्युअर बूट बदलल्यावर विंडोज ती मागू शकतं, आणि की नसेल तर डेटा गेलाच. घरात एकच लॅपटॉप असतो, त्यावर बहिणीचं प्रोजेक्ट असतं, वडिलांचे हिशेब असतात. म्हणून हे आवर्जून सांगतो.

'ग्रब रेस्क्यू' असं येऊन थांबतं.

ग्रबचा छोटा भाग उठला आहे, पण त्याला त्याची बाकीची मॉड्यूल सापडत नाहीत. तिथेच 'एलएस' टाइप करा म्हणजे डिस्क आणि पार्टिशनं दिसतील. मग एकेका पार्टिशनचं नाव देऊन 'एलएस' करत जा, '/बूट/ग्रब' जिथे दिसेल ते आपलं. ग्रब डिस्क शून्यापासून मोजतो, पार्टिशनं एकपासून. म्हणजे पहिल्या डिस्कचं दुसरं पार्टिशन (एचडी०,जीपीटी२) झालं. जुन्या ग्रबमध्ये पार्टिशनंही शून्यापासून होती, त्यामुळे जुन्या सूचना वाचून केलंत तर एकाने चुकाल. सापडल्यावर 'सेट प्रीफिक्स=' पुढे ती पूर्ण जागा द्या, मग 'इन्समॉड नॉर्मल', मग 'नॉर्मल'. मेन्यू येईल. आत गेल्यावर 'ग्रब-इन्स्टॉल' पुन्हा चालवा, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा हेच.

सगळ्याच पार्टिशनांना ग्रब 'अननोन फाइलसिस्टिम' म्हणत असेल तर पार्टिशन बिघडलं असं लगेच समजू नका. २०२३ साली आलेल्या ईटूएफएसप्रॉग्स (ईएक्सटी४ फाइल सिस्टिमची साधनं) १.४७.० पासून नव्या ईएक्सटी४ वर 'मेटाडेटा_सीसम_सीड' ही सोय आपोआप चालू होते, आणि ग्रब २.०६ ला ती वाचता येत नाही. ग्रब २.१२ बांधा, किंवा 'ट्यून२एफएस'ने ती सोय काढून टाका. आमच्यातल्या एकाचे यात दोन रविवार गेले. डिस्क ठणठणीत होती.

कर्नल पॅनिक: 'व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)'. आता काय?

हे पॅनिक इथे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने पाहिलं आहे. आणि खरं सांगायचं तर इतकं नेमकं बोलणारं पॅनिक दुसरं नाही. कंसातले आकडे नीट पाहा.

(०,०) म्हणजे 'रूट=' पुढे तुम्ही जे नाव दिलं त्या नावाचं डिव्हाइस कर्नलला मिळालंच नाही. पॅनिकच्या थोडं वर कर्नल त्याला दिसलेल्या पार्टिशनांची यादी छापतो. ती यादी आधी शोधा, कारण पुढची वाट तिथेच फुटते.

यादी रिकामी असेल तर डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नाही. तो 'एम' म्हणजे मॉड्यूल (कर्नलबाहेरची वेगळी फाइल) केलेला असेल तरी उपयोग नाही, कारण मॉड्यूल ठेवलंय रूट पार्टिशनवर आणि रूट पार्टिशन उघडायला तेच मॉड्यूल हवंय. कुलपाची किल्ली कपाटातच राहिल्यासारखं झालं. 'मेक मेन्यूकॉन्फिग'मध्ये तो पर्याय 'वाय' (म्हणजे कर्नलमध्येच) करा. साटा डिस्क असेल तर एएचसीआय, एनव्हीएमई असेल तर एनव्हीएमई ब्लॉक डिव्हाइस. व्हर्च्युअलबॉक्समध्ये तुम्ही कोणता कंट्रोलर निवडला आहे ते पाहा, साटा असेल तर तिथेही एएचसीआयच. केव्हीएमवर व्हर्टआयओ. अंदाज करण्यापेक्षा लाइव्ह पेन ड्राइव्हवर 'एलएसपीसीआय' ला 'के' पर्याय देऊन चालवा. प्रत्येक हार्डवेअरखाली कोणता ड्रायव्हर वापरात आहे ते तिथे लिहिलेलं असतं.

नव्या इंटेल लॅपटॉपवर एक वेगळी मेख असते. फर्मवेअरमध्ये व्हीएमडी (डिस्क हाताळणारी इंटेलची सोय) चालू असेल तर एनव्हीएमईचा ड्रायव्हर 'वाय' असूनही डिस्क दिसत नाही, कारण ती व्हीएमडीच्या आड बसलेली असते. कर्नलमध्ये व्हीएमडीचा ड्रायव्हरही 'वाय' करा. फर्मवेअरमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करणं सोपं दिसतं, पण शेजारचं विंडोज त्यानंतर उठेनासं होऊ शकतं.

यादीत तुमचं पार्टिशन दिसतंय आणि तरीही (०,०) आहे? मग 'रूट=' चं नाव चुकलं आहे. बांधताना पेन ड्राइव्ह लावलेला असतो तेव्हा डिस्कला 'एसडीबी' नाव मिळतं, पेन ड्राइव्ह काढला की तीच डिस्क 'एसडीए' होते. किंवा तुम्ही 'रूट=यूयूआयडी=' लिहिलंत. ही चूक फार जणांकडून होते, कारण तयार डिस्ट्रोच्या ग्रबमध्ये तसंच लिहिलेलं असतं. फाइल सिस्टिमचा यूयूआयडी एकट्या कर्नलला कळत नाही, तो शोधून देण्याचं काम इनिटरॅमएफएस (रूटआधी मेमरीत चढणारी छोटी, तात्पुरती सिस्टिम) करतं. इनिटरॅमएफएस नसेल तर 'रूट=पार्टयूयूआयडी=' लिहा. हा पार्टिशन टेबलमधला क्रमांक असतो आणि तो कर्नल स्वतः वाचतो. 'बीएलकेआयडी' चालवलं की दोन्ही क्रमांक एकाच ओळीत दिसतात, उतरवताना गल्लत करू नका.

यूएसबी डिस्कवरून बूट करत असाल तर 'रूटवेट' हवंच. यूएसबी ओळखायला थोडा वेळ लागतो, आणि कर्नल आपणहून थांबत नाही.

माझ्या कंसात (८,२) आहे.

मग तुम्ही बरेच पुढे आला आहात. ८ हा 'एसडी' डिस्कचा मेजर क्रमांक, २ म्हणजे 'एसडीए२'. एनव्हीएमई पार्टिशनांना इथे सहसा २५९ दिसतो. डिव्हाइस सापडलं, पण त्यावरची फाइल सिस्टिम वाचता आली नाही. ईएक्सटी४ 'वाय' आहे का ते पाहा. नवे कर्नल त्यांना कोणत्या फाइल सिस्टिम येतात त्याचीही यादी पॅनिकआधी छापतात. ईएक्सटी४ त्या यादीत असेल, तर तुम्ही 'रूट=' मध्ये बहुधा स्वॅपचं किंवा ईएफआयचं पार्टिशन दिलं आहे.

मग इनिटरॅमएफएस बांधावंच लागतं का?

मुंबईहून नाशिककडे येणाऱ्या गाडीला कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लागतात आणि घाट चढून गाडी इगतपुरीला आली की ती सोडतात. इनिटरॅमएफएसचं काम तेवढंच. रूट पार्टिशन हाती येईपर्यंत तो धक्का देतो, मग बाजूला होतो. तुमची डिस्क एन्क्रिप्टेड असेल, एलव्हीएमवर (डिस्क जोडून हव्या तशा वाटून घेण्याच्या सोयीवर) असेल किंवा 'यूयूआयडी'च वापरायचा असेल तर घाट आहे, बँकर लागेल. एका मशीनसाठी बांधलेली साधी ईएक्सटी४ असेल आणि ड्रायव्हर 'वाय' केलेले असतील तर मैदानी रस्ता आहे. माझं मत विचाराल तर पहिल्या वेळी त्याशिवायच करा. एक हात कमी, शोधायची एक जागा कमी.

'नो वर्किंग इनिट फाउंड' आणि 'अटेम्प्टेड टू किल इनिट' यांत फरक काय?

पहिल्यात इनिट सुरूच झाला नाही. कर्नल '/एसबिन/इनिट', '/ईटीसी/इनिट', '/बिन/इनिट' आणि शेवटी '/बिन/एसएच' या क्रमाने प्रयत्न करतो. चारही हुकले की हे पॅनिक. इथे लोक गोंधळतात ते असं: फाइल तर जागेवर आहे, मग कर्नल नाही का म्हणतो? कारण डायनॅमिक (लायब्ररी बाहेरून घेणाऱ्या) प्रोग्रॅमला चालवणारा लोडर, म्हणजे '/लिब६४' मधली 'एलडी-लिनक्स' फाइल, नसेल तरी कर्नलला मिळणारी चूक 'फाइल नाही' हीच असते. '/लिब६४' ची लिंक तुटली आहे का ते आधी बघा. एरर -८ दिसत असेल तर फाइल सापडली, पण ती या कर्नलला चालवता येण्यासारखी नाही. उदाहरणार्थ ६४ बिटी प्रोग्रॅम आणि ३२ बिटी कर्नल.

दुसऱ्यात इनिट उठला आणि कोसळला. तिथे एक्झिटकोड दिलेला असतो, तो पूर्ण उतरवून घ्या. शेवटी '७एफ००' असेल तर लायब्ररी सापडलेली नाही. शेवटी '०बी' असेल तर सेगमेंटेशन फॉल्ट. आणि शेवटी ४ असेल तर प्रोसेसरला न कळणारी सूचना आली. हा ४ आमच्याकडे दोनदा दिसला, दोन्ही वेळा कारण एकच. वेळ वाचवायला ऑफिसच्या नव्या मशीनवर 'मार्च=नेटिव्ह' (याच प्रोसेसरसाठी बांध असं कंपायलरला सांगणारा पर्याय) देऊन सगळं कंपाइल केलं आणि डिस्क घरच्या जुन्या मशीनला लावली. नव्या प्रोसेसरच्या सूचना जुन्याला कळत नाहीत. सगळंच पुन्हा बांधणं भाग पडतं अशी ही एकच वेळ, तेव्हा ज्या मशीनवर चालवायचं तिचा विचार आधी करा.

कर्नल सुरू झाल्यासारखा वाटतो, पण पडदा काळा. पंखा चालू आहे.

कॅप्स लॉक दाबून दिवा बदलतो का बघा. बदलत असेल तर मशीन जिवंत आहे, फक्त दिसत नाही. आधी 'नोमोडसेट' घालून पाहा. चित्र आलं तर दोष ग्राफिक्स ड्रायव्हरचा. एएमडीच्या कार्डावर ड्रायव्हर 'वाय' केलेला असेल तर तो रूट माउंट होण्याआधीच आपलं फर्मवेअर (मदरबोर्डवरचं नव्हे, कार्डाची वेगळी फाइल) मागतो, ते त्याला मिळत नाही आणि पडदा जातो. इतर सगळीकडे मी 'वाय' सांगतो, इथे मात्र 'एम' करा, आणि फर्मवेअर '/लिब/फर्मवेअर' मध्ये ठेवायला विसरू नका. 'नोमोडसेट'नेही काही दिसलं नाही तर कर्नलमध्ये सिंपलडीआरएम आणि फ्रेमबफर कन्सोल हे पर्याय आहेत का पाहा. हे दोन घालायचे राहिले की कर्नल बोलतो, पण त्याला तोंड नसतं.

दीड मिनिट थांबतं आणि मग 'इमर्जन्सी मोड'.

'/ईटीसी/एफएसटॅब' (कोणती डिस्क कुठे जोडायची त्याची यादी) मध्ये नसलेल्या डिस्कची ओळ आहे. सिस्टिमडी (इनिटचा एक प्रकार) तिची ९० सेकंद वाट बघतो. ओळ दुरुस्त करा. डिस्क कधी असते कधी नसते अशी असेल तर 'नोफेल' घाला.

सिसव्हीइनिट हा जुना इनिट वापरणाऱ्यांना याच टप्प्यावर दोन वेगळे संदेश दिसतात. 'एंटर रनलेव्हल' विचारलं तर 'इनिटटॅब' मध्ये 'इनिटडिफॉल्ट'ची ओळ नाही. 'रिस्पॉनिंग टू फास्ट' आलं तर 'अगेटी'चा (लॉगिन दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा) मार्ग चुकला आहे.

आणि लॉगिन झालं पण काहीच लिहिता येत नाही, सगळीकडे 'रीड-ओन्ली', तर तेही एफएसटॅबमधल्या रूटच्या ओळीमुळेच. 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /' चालवून ती फाइल दुरुस्त करा.

लाइट गेली आणि नंतर बूट होईना.

मे महिन्यात संध्याकाळी वळीव आला की आमच्याकडे लाइट जाते. अशाच एका संध्याकाळी मी नवा कर्नल ईएफआय पार्टिशनवर कॉपी केला आणि क्षणात अंधार. पुन्हा सुरू केल्यावर ग्रब म्हणाला, 'प्रीमॅच्युअर एंड ऑफ फाइल'. फॅट३२ ला जर्नल नसतं, फाइल अर्धीच उतरली होती. जुना कर्नल मी पुसला नव्हता आणि मेन्यूत त्याची नोंद होती, म्हणून दोन मिनिटांत आत गेलो. तेव्हापासून कॉपीनंतर 'सिंक' चालवल्याशिवाय मी हात काढत नाही, आणि चाललेल्या शेवटच्या कर्नलची नोंद मेन्यूत ठेवतोच ठेवतो.

कंपाइल चालू असताना लाइट गेली असेल तर ते पॅकेज तसंच पुढे नेऊ नका. शून्य बाइटच्या फाइली मागे राहिलेल्या असू शकतात, आणि 'मेक' त्यांना तयार झालेल्या समजतं. सोर्सची डिरेक्टरी पुसून टारबॉल पुन्हा उघडा. रूट पार्टिशन लाइव्ह पेन ड्राइव्हवरून, माउंट न करता, 'ईटूएफएससीके'ने एकदा तपासून घ्या.

बूट करताना 'सुपरब्लॉक लास्ट माउंट टाइम इज इन द फ्यूचर' का येतं?

घड्याळ चुकलं आहे. जुन्या पीसीत मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो, कोणत्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. विंडोजसोबत असाल तर फरक साडेपाच तासांचा असतो, कारण विंडोज हार्डवेअर घड्याळात भारतीय वेळ ठेवतं आणि लिनक्स ती यूटीसी समजते. दोघांपैकी एकाला सांगून एकवाक्यता करा.

लॉगिन आलं, पण पासवर्ड चालत नाही.

चरूटमध्ये 'पासडब्ल्यूडी रूट' करायचं राहिलं. कर्नलच्या ओळीत 'इनिट=/बिन/बॅश आरडब्ल्यू' घालून आत जा, पासवर्ड ठेवा, 'सिंक' करा आणि मशीन पुन्हा सुरू करा. अक्षरंच उमटत नसतील तर कीबोर्डचा ड्रायव्हर राहिला आहे: यूएसबी कीबोर्डला एक्सएचसीआय आणि एचआयडी, लॅपटॉपच्या कीबोर्डला बहुधा एटी कीबोर्ड.

मदत मागायला येताना काय आणू?

पडद्याचा फोटो, पूर्ण, कडा न कापता. 'बूट होत नाही' एवढं सांगून कुणालाच काही कळत नाही. सोबत पेन ड्राइव्हवर कर्नलची '.कॉन्फिग', 'ग्रब.सीएफजी', 'एफएसटॅब', आणि लाइव्ह पेन ड्राइव्हवरून घेतलेलं 'एलएसपीसीआय' व 'बीएलकेआयडी'चं आउटपुट. आणि शेवटचं चाललं होतं तेव्हापासून काय काय बदललं ते एका कागदावर, आठवेल त्या क्रमाने. हा कागद मी फोटोच्याही आधी वाचतो.